खिशांतील कचेरी



ज्या यंत्राविषयीं मी आज बोलणार आहें, तें बाजारांतून जवळ जवळ नाहींसें झालें आहे; तेव्हां मी त्याची जाहिरात करीत आहें असा आरोप मजवर येण्याचा संभव नाहीं. सुमारें २००५ पासून २०१२ पर्यंत पुण्यामुंबईकडील व्यापारी, इंजिनियर आणि बँकांतील अधिकारी यांच्या हातीं एका विशिष्ट घडणीचा मोबाईल दिसत असे. वरच्या अर्ध्या भागांत लहानसा पडदा, आणि खालच्या अर्ध्या भागांत डाळिंबाच्या दाण्यांसारख्या दाटीनें बसविलेल्या कळा. कॅनडांतील वॉटर्लू येथील कंपनीचा ब्लॅकबेरी हा या घराण्याचा मूळ पुरुष; आणि फिनलंडच्या नोकिया कंपनीनें २००८ सालीं काढलेला ई ७१ हा, निदान माझ्या मतें, त्यांतील सर्वांत सुबक वंशज. लिहिण्यास पुरा कळफलक, ईमेल म्हणजे विजेचें टपाल, आणि वाट दाखविणारा नकाशा अशा तीन गोष्टी या यंत्रांत एकत्र आणल्या होत्या. कचेरींतील कारकून, टपालवाला आणि वाटाड्या हे तिघेहि एकाच खिशांत राहावयास आले, असें म्हटलें तरी चालेल.

या तिघांची परीक्षा पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर होत नाहीं. ती मुळशी तालुक्यांत होते. वरसगांव धरणाच्या जलाशयाकांठीं, इटलींतील पोर्टोफिनो या बंदराच्या धर्तीवर, लवासा हें डोंगरी नगर ज्या वर्षांत उभें राहत होतें, त्याच वर्षांत हे मोबाईल भरांत होते. त्या नगराचा पुढील इतिहास आपणांस ठाऊकच आहे. २०१० च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याची नोटीस, वर्षभरानें अटींसह मंजुरी, आणि २०१८ सालीं दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढें गेलेलें प्रकरण. तो आजचा विषय नव्हे. माझा एक जुना विद्यार्थी तेथें एका ठेकेदाराकडे हिशेबाचें काम पाहत असे. पिरंगुट, मुठे, टेमघर या वाटेनें आठवड्यांतून दोनदां त्याचें जाणेंयेणें होई. त्याच्यापाशीं ई ७१ होता. पुढें मोठ्या पडद्याचा मोबाईल आल्यावर तो जुना त्यानें गुरुदक्षिणा म्हणून माझ्या हातीं ठेविला. यामुळें मी जें सांगतों तें पुष्कळसें हाताळून सांगतों.

प्रथम कळफलक. इंग्रजी अक्षरांची जी मांडणी आपण क्वर्टी म्हणून ओळखतों, ती अमेरिकेंतील मिलवॉकीचे क्रिस्टोफर शोल्स यांच्या टंकलेखन यंत्राबरोबर आली. रेमिंग्टन कंपनीनें तें यंत्र १८७४ सालीं विक्रीस काढलें. दहा बोटांसाठीं योजिलेली ती मांडणी सव्वाशें वर्षांनीं दोन अंगठ्यांवर आली, हा एक चमत्कारच म्हणावयाचा. त्यापूर्वींच्या साध्या मोबाईलवर बारा कळा असत आणि इंग्रजी ‘एस’ काढावयाचा तर सातची कळ चार वेळां दाबावी लागे. दोन ओळींचा निरोप लिहितां लिहितां मनुष्य मेटाकुटीस येई. ई ७१ वर प्रत्येक अक्षरास स्वतंत्र कळ, आणि प्रत्येक कळेस किंचित् उंचवटा. सवय झाली म्हणजे अंगठा न पाहतां चालतो. आजच्या गुळगुळीत कांचेवर हें साधत नाहीं. तेथें अंगठ्यास कांहींच लागत नाहीं, म्हणून डोळा सारखा त्याच्या मागें ठेवावा लागतो. पुढच्या वर्षीं निघालेल्या ई ७२ मध्यें मधली लांब कळ दाबून धरली कीं विजेरी पेटत असे. लवासाकडील रात्री ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस या एका सोयीची किंमत सांगावयास नको.

परंतु शिक्षक या नात्यानें मला येथें एक तक्रार केल्यावांचून राहवत नाहीं. या सुबक कळांवर अक्षरें होतीं तीं रोमन. देवनागरीस तेथें जागाच नव्हती. इंग्रजीचीं सव्वीस अक्षरें तीन ओळींत बसतात. आपलीं व्यंजनें, स्वर, त्यांच्या काना-मात्रा आणि जोडाक्षरें तेवढ्या जागेंत कोठून मावणार? परिणाम असा झाला कीं, मराठी व्यापारी मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहूं लागला. के, ए आणि एल हीं तीन अक्षरें लिहिलीं म्हणजे वाचणारानें ‘काल’ समजावें, ‘काळ’ समजावें, ‘कल’ समजावें कीं ‘कळ’? ‘पत्ता’ आणि ‘पट्टा’ हे दोन शब्द तर रोमनमध्यें एकाच वेषांत येतात. जमिनींच्या व्यवहारांत हा कांहीं विनोद नव्हे. गांवांच्या नांवांचा घोळ त्याहून वाईट. वरसगांवचा ‘व’ कोणी व्हीनें लिहितो, कोणी डब्ल्यूनें. आणि नकाशांत शोधावयास गेलें कीं यंत्र एकास ओळखतें व दुसऱ्याकडे पाठ फिरवितें.

हा घोळ देवनागरीच्या अंगचा होता असें मात्र नाहीं. १९८६ सालींच केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें इनस्क्रिप्ट नांवाची मांडणी ठरविली होती, आणि पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें संगणकावर भारतीय लिपी आणण्याचें मोठें काम केलें. इनस्क्रिप्टमध्यें स्वर डाव्या हाताखालीं आणि व्यंजनें उजव्या हाताखालीं येतात. ‘क’ च्याच कळेवर शिफ्ट दाबून ‘ख’, ‘ल’ च्या कळेवर ‘ळ’. आपल्या वर्णमालेचा शास्त्रीय क्रम जाणणाऱ्या माणसाची ही योजना आहे, हें पाहतांच कळतें. पण ती खिशांतल्या यंत्रावर छापण्याची तसदी त्या वेळीं घेतली गेली नाहीं. या एका बाबतींत कांचेच्या पडद्याचे उपकार मान्य केले पाहिजेत. तेथील कळा चित्ररूप असल्यानें लिपी क्षणांत बदलतां येते, आणि आज मुळशीचा शेतकरीहि आपल्या भाषेंत, आपल्या अक्षरांत निरोप धाडतो. मला कळा प्रिय आहेत. परंतु मराठीस कांच अधिक मानवली.

आतां टपालाकडे वळूं. ईमेल संगणकावर पूर्वींपासून होतीच. आपल्या देशांत सर्वसामान्यांस इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून. पण संगणकावर पत्र पाहावयाचें म्हणजे पोस्टांत जाऊन ‘माझें कांहीं आलें आहे काय?’ असें विचारण्यासारखें होतें. ब्लॅकबेरीनें टपालवाला दारीं आणला. पत्र सर्व्हरवर पोहोंचतांच तें आपण होऊन यंत्राकडे ढकललें जाई, आणि एक बारीकसा लाल दिवा लुकलुकूं लागे. शिवाय मजकूर गुप्त लिपींत जात असल्यानें तो वाटेंत सहजासहजीं कोणास वाचतां येत नसे. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर हीच गुप्तता आपल्या सरकारास अधिकच चिंतेची वाटूं लागली. २०१० सालीं सरकारनें कंपनीस मुदत घालून दिली, आणि हा वाद पुढें बराच काळ चालला. नागरिकाचें पत्र सरकारनें कोणत्या प्रसंगीं उघडावें हा प्रश्न त्या यंत्राबरोबर संपला नाहीं, एवढेंच येथें सांगतों.

टेमघरच्या घाटांत मात्र टपालवाल्याचे पाय अडखळत. मोबाईलच्या लहरींस मनोऱ्यापासून यंत्रापर्यंत शक्य तों मोकळी वाट लागते, आणि सह्याद्रीची एक सोंड मधें आली कीं रेंज जाते. माझ्या विद्यार्थ्यानें यावर तोड काढली होती. मोटारींत मागें बसून तो दिवसाचा हिशेब व पत्रें लिहून ठेवी. तीं आउटबॉक्समध्यें स्वस्थ पडून राहत, आणि चढावर रेंज येतांच एकामागून एक निघून जात. कळफलकास फक्त हात लागतो. टपालास मनोरा लागतो.

आणि वाटाड्यास काय लागतें? येथें बहुतेकांचा एक गैरसमज असतो. रेंज गेली कीं नकाशाहि गेला, असें आपण समजतों. वस्तुतः आपण कोठें आहोंत हें यंत्रास मनोऱ्यावांचून कळूं शकतें. अमेरिकेच्या जीपीएस योजनेचे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि ‘आतां इतके वाजले’ असा संदेश अखंड पाठवीत असतात. तो प्रकाशाच्या वेगानें येतो, तरी त्यास सेकंदाचा सुमारें पंधरावा भाग लागतो. कोणत्या उपग्रहाचा संदेश किती उशिरा आला यावरून त्याचें अंतर निघतें. तीन अंतरांवरून ठिकाण ठरतें. चौथा उपग्रह लागतो तो खिशांतील स्वस्त घड्याळाची चूक दुरुस्त करण्यासाठीं. ही दुरुस्ती क्षुल्लक नव्हे. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतर तीनशें मीटरनीं चुकतें, आणि घाटांत तीनशें मीटर म्हणजे रस्ता एकीकडे व दरी दुसरीकडे! आपल्या इस्रोनेंहि २०१३ ते २०१६ या काळांत सात उपग्रह सोडून नाविक नांवाची स्वतःची योजना उभारली.

तात्पर्य, ठिकाण आकाशांतून मिळतें. ज्याच्यावर तें ठिकाण दाखवावयाचें तो नकाशा मात्र बहुधा मनोऱ्यावाटे येतो. नोकियाची खरी चतुराई येथें होती. संबंध राज्याचा नकाशा घरीं बसून यंत्रांत भरून ठेवतां येई. २०१० च्या जानेवारींत तर आवाजानें वाट सांगण्याची सोयहि त्या कंपनीनें अनेक यंत्रांवर फुकट केली. आजच्या मोबाईलमध्येंहि नकाशा आगाऊ उतरवून घेतां येतो, पण घाट चढूं लागेपर्यंत कोणास त्याची आठवण होत नाहीं.

नकाशा भरून घेतला तरी तो रस्त्याची आजची स्थिति सांगेलच असें नाहीं. २०२१ च्या जानेवारींत, त्या वेळच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, अकोले तालुक्यांतील कोतूळजवळ काय घडलें तें वर्तमानपत्रांत आलें होतें. पुण्याचे तिघे जण कळसूबाईकडे रात्रीं मोटारीनें निघाले. मोबाईलनें जवळचा म्हणून दाखविलेला रस्ता एका पुलावरून जात होता, आणि तो पूल पिंपळगांव खांड धरणाच्या पाण्याखालीं गेलेला होता. वर्षांतील कांहीं महिने तो असाच बुडालेला असतो, हें त्या भागांतील लहान मुलासहि ठाऊक. मोटार पाण्यांत गेली. दोघे पोहून निघाले. मोटार चालविणारा बुडाला. यंत्रानें ठिकाण अचूक सांगितलें होतें, रस्ताहि खरोखरच तेथें होता. फक्त त्या महिन्यांत तो पाण्याखालीं होता, आणि सावधगिरीची पाटीहि नव्हती असें त्या बातम्यांत म्हटलें होतें.

मुळशी तालुक्यास हा प्रकार नवा वाटणार नाहीं. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सत्याग्रह झाला तेव्हांपासून येथील माणसें गांवें आणि वाटा पाण्याखालीं जातांना पाहत आलीं आहेत. पावसाळ्यांत तर रस्त्याचा भरंवसा दिवसापुरताच. २०२४ च्या जुलैंत लवासांतच दरड कोसळून बंगले गाडले गेले. म्हणून जुलै-ऑगस्टांत त्या बाजूस जाणारांस माझें सांगणें असें आहे. नकाशा पिरंगुटच्या आधींच यंत्रांत उतरवून घ्या. कोणत्या वाटेनें जात आहों व केव्हां पोहोंचूं हा निरोप रेंज आहे तोंवर घरीं धाडा. आणि मुठे गांवीं चहास थांबलां तर हॉटेलवाल्यास विचारा, ‘दादा, वर रस्ता कसा आहे?’ वरून उतरलेली शेवटची गाडी केव्हां आली हें त्यास माहीत असतें. अंधार पडल्यावर, पाणी आडवें आलेलें दिसलें, तर मोबाईल कांहींहि म्हणो, मोटार थांबवून उतरून पाहा.

ब्लॅकबेरीच्या जुन्या यंत्रांची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजीं कंपनीनें बंद केली. माझ्याजवळचा ई ७१ अजून चालू आहे. त्यांत ईमेल येत नाहीं, कारण आजच्या सर्व्हरांची गुप्त लिपी त्यास उमगत नाहीं. उघड्यावर नेऊन पांच-दहा मिनिटें धरला तर तो उपग्रह मात्र शोधून काढतो, आणि २०१० च्या सुमाराच्या आपल्या नकाशावर मी कोठें उभा आहें तें मला बरोबर दाखवितो. या भाषणाचीं टिपणें मीं त्याच्याच कळांवर केलीं. अर्थात् रोमन अक्षरांत, आणि ‘काल’ कोठला व ‘काळ’ कोठला हें आज सकाळीं मला दोनदां वाचून ठरवावें लागलें.