नोकरी आणि स्वभावाची परीक्षा



समजा, रांजणगाव एमआयडीसीत तुमची मुलाखत आहे.
समोर एक प्रश्नावली येते.
"मला चटकन राग येतो." हो की नाही?
आता सांगा…
नोकरीची गरज असलेला कोण "हो" लिहील?

मायर्स-ब्रिग्ज ही अशीच एक गाजलेली चाचणी.
अमेरिकेतल्या दोन मायलेकींनी ती तयार केली.
दोघींनीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं.
गंमत पाहा…
ती विकणारी कंपनीच सांगते,
नोकरभरतीसाठी ही चाचणी वापरू नका!

मग चाचणीच नको का?
तसं नाही.

आपलं दौंड रेल्वेचं मोठं जंक्शन.
इंजिन चालवणाऱ्या लोको पायलटचं काम जोखमीचं.
सहायक लोको पायलटच्या भरतीत
संगणकावर एक चाचणी असते.
ती स्वभाव विचारत नाही.
सूचना नीट पाळता का?
अंतराचा अंदाज येतो का?
लक्ष टिकतं का?
हे ती करून घेऊन पाहते.
प्रत्येक भागात वेगळं पास व्हावं लागतं.
एकात जास्त, दुसऱ्यात कमी… चालत नाही.

म्हणजे, चाचणी कामाची हवी,
स्वभावाची नको.

कुरकुंभच्या रसायन कारखान्यात माणूस घ्यायचाय?
त्याला मीटर वाचायला सांगा.
वेल्डर हवाय?
एक जोड मारून घ्या.

पुन्हा सांगते,
चाचणी कामाची हवी.

आणि उमेदवारांनो,
प्रश्नावली समोर आलीच,
तर ती कशासाठी आहे, हे जरूर विचारा.