आजीच्या पाऊलवाटेने
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, जबलपूर येथे दिलेले भाषण)



व्याख्यानाची आज्ञा झाली तेव्हा आम्हांस संकोच वाटला. आमचे आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत गेले. वाङ्मयाशी संबंध बी. ए.च्या परीक्षेपुरता आला आणि पुढे सवड मिळेल तसा राहिला. विषय मात्र अनायासे हाती आला, तो आमच्या कन्येच्या पत्रामुळे. ती उच्च शिक्षणासाठी बर्लिनला आहे. हल्ली पत्रे हातातल्या यंत्राच्या पडद्यावर उमटतात, तरी पत्र ते पत्रच.

तिने लिहिले होते : ‘बाबा, आज डाहलेममध्ये जाऊन इरावतीबाईंची संस्था पाहून आले.’

बर्लिनच्या डाहलेम भागात इनेश्ट्रासे नावाच्या रस्त्यावर बावीस क्रमांकाची एक इमारत आहे. आज तेथे विद्यापीठाचे राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. 1927 साली तेथे मानववंशशास्त्र, आनुवंशिकी आणि सुप्रजननशास्त्र यांची कैसर विल्हेल्म संस्था स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी पुण्याहून एक बावीस वर्षांची विवाहिता तेथे शिकावयास गेली. त्या आपल्या इरावती कर्वे. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे; ज्यांनी स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचले, त्यांचा सुनेच्या परदेशगमनास मात्र विरोध होता. (थोर माणसांच्याही घरात उंबरठे असतातच.) पती दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवून आलेले, ते पाठीशी उभे राहिले. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन प्रवास ठरला.

अशा स्त्रीच्या पाऊलखुणा शोधण्याचे काम तिच्या नातीने केले. गौरी देशपांडे यांच्या कन्या उर्मिला देशपांडे आणि बर्लिनमध्ये शिकलेले ब्राझीलचे मानवशास्त्रज्ञ थियागो पिंटो बार्बोसा यांनी मिळून लिहिलेले ‘इरू’ हे इंग्रजी चरित्र 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. एकीकडे घरातली नात, दुसरीकडे सातासमुद्रांपलीकडचा अभ्यासक. आम्हांस ही जोडी फार योग्य वाटते. आजीला नात ओळखते. पण आजी विद्यार्थिनी होती तेव्हाची ओळख नातीलाही कागदपत्रांतूनच करून घ्यावी लागते.

‘परिपूर्ती’ हा इरावतीबाईंचा ललित लेख आपणांपैकी बहुतेकांनी वाचला असेल. अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी, अशा ओळखी ऐकत गेलेल्या बाईंना अखेरीस मुलाची आई म्हणून झालेली ओळख पूर्णत्वाची वाटते. तो लेख आईपाशी थांबतो. नातीच्या पुस्तकाने ‘आजी’ ही ओळख त्यात जोडली, असे आम्ही गमतीने म्हणत होतो. पण कन्येच्या पत्राचा पुढला भाग वाचला आणि ती गंमत मागे पडली.

त्या संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हे बाईंचे मार्गदर्शक. माणसांचे वंश उच्च-नीच असतात, या मताचे ते मोठे पुरस्कर्ते. मानवी कवटीच्या दोन बाजूंत जो लहानमोठा असमानपणा असतो, त्याचा वंशाशी संबंध आहे, हे त्यांचे गृहीतक. बाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि वंशानुसार तसा भेद दिसत नाही, हा निष्कर्ष गुरूसमोर ठेवला. परक्या देशात, कर्जाच्या पैशावर शिकणाऱ्या विद्यार्थिनीने हे करावे, याचा अभिमान वाटल्यावाचून राहत नाही.

परंतु त्या कवट्या कोणाच्या होत्या? कित्येक जर्मनीच्या तत्कालीन आफ्रिकी वसाहतींतून आणलेल्या. त्या माणसांची संमती कोणी विचारली नव्हती. पुढे नाझी राजवटीत ती संस्था कोठवर गेली, हे जगजाहीर आहे; आउश्वित्झच्या छळछावणीतून मेंगेले तेथे मृतांचे अवयव पाठवीत असे. 2014 मध्ये त्या परिसरात खोदकाम करताना मानवी अस्थींचे तुकडे सापडले; 2023 मध्ये डाहलेमच्याच दफनभूमीत त्यांचे दफन झाले. बाई 1930 मध्ये पदवी घेऊन परतल्या, म्हणजे हे अखेरचे पाप त्यांच्या मागून घडले, हे खरे. पण त्यांनी नाकारला तो गुरूचा निष्कर्ष. शरीरे मोजण्याची विद्या त्यांनी सोबत आणली आणि इथल्या जातिजमातींवर ती वर्षानुवर्षे वापरली, हेही तितकेच खरे. चरित्र केवळ आरतीसाठी लिहायचे, तर डाहलेमला जाण्याची गरजच नव्हती. आमच्या कन्येने त्या पायऱ्यांवर बसून लिहिले : ‘इथे नमस्कार करावा की मान खाली घालावी, कळेना. दोन्ही केले.’

आता जबलपूरकडे वळू. बाईंचा जन्म 1905 चा, ब्रह्मदेशातील मिंज्यानचा. इरावती नदीवरून नाव ठेवलेले. सातव्या वर्षी त्यांना पुण्याच्या हुजूरपागेत शिकावयास धाडले. महाराष्ट्राबाहेर जन्मलेले मूल मराठी शिकते कसे, हे आपणांस नव्याने सांगावयास नको. आणि ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या 1953 च्या ग्रंथात त्यांनी आप्तसंबंधांच्या दृष्टीने भारताचे जे चार विभाग पाडले, त्यांतील मध्य विभागात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश एकत्र येतात. उत्तरेत मुलगी अनोळखी घरी द्यावयाची, दक्षिणेत ओळखीच्या, आपण मधले.

हे वाचताना आम्हांस आमची आजी आठवली. तिचे लग्न आतेभावाशी झाले होते, म्हणजे आत्याच सासू झाली. दीक्षितपुऱ्यातील हिंदी शेजारणी तिला सारे आयुष्य विचारीत राहिल्या, ‘भाई से ब्याह कैसे हो गया?’ आजी हसून म्हणे, ‘हमारे में चलता है.’ इरावतीबाईंनी ज्याला ग्रंथ लिहिला, ते आजीने चार शब्दांत आटोपले!

पत्राच्या शेवटी कन्येने विचारले होते : ‘बाबा, तुमच्या आजीचे बालपण कुठे गेले?’

नैनपूरला, एवढेच आम्ही लिहू शकलो. वडील बंगाल-नागपूर रेल्वेत, छोट्या लाइनीवर नोकरीला होते. घर कसले होते, ती शाळेत गेली की नाही, आई केव्हा वारली, यांतले काहीही आम्हांस ठाऊक नाही. ती गेली तेव्हा आम्ही महाविद्यालयात शिकत होतो. विचारावयास वर्षे होती, तोंड होते. पुढे सरकारी दौऱ्यावर नैनपूरहून कितीदा गेलो, गाडी जंक्शनवर उभी राहिली की चहा प्यालो, पण फलाटाबाहेर पाऊल टाकले नाही. आता ती लाइन मोठी झाली, छोट्या लाइनीचे तेथे संग्रहालय झाले. आमची मुलगी परक्याच्या आजीसाठी डाहलेमपर्यंत चालली, आणि आम्हांस आपल्या आजीचे गाव एका दिवसात जाऊन येण्याजोगे असता जमले नाही.

येत्या रविवारी जाणार आहोत. जे सापडेल ते लिहून कन्येला पाठवू; तिथे रेल्वेचे जुने क्वार्टर उरले नसतील, तर तेही लिहू. एखादी लाजिरवाणी गोष्ट निघाली, तर तीही वगळणार नाही.

तोवर एक विनंती. या सभागृहात कोणाचे वाडवडील नैनपूरला रेल्वेत असतील, किंवा कोणी आजीबाई तिथे लहानाच्या मोठ्या झाल्या असतील, तर चहाच्या वेळी कृपया आम्हांस भेटावे. आम्ही उजवीकडच्या दाराशी थांबतो. वही सोबत आणली आहे.