खाऱ्या वाऱ्यातली कुलपं



ऑगस्टची पहिली तारीख माझ्या कामात दरवर्षी वेगळी असते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. मिरकरवाडा बंदरात बोटी शाकारून ठेवलेल्या असतात आणि मासळी वाहणारे टेम्पोही कुणाच्या अंगणात, कुणाच्या माडाखाली, ताडपत्री पांघरून उभे असतात. बंदी उठते त्या पहाटे ताडपत्री निघते. बोट सुटायच्या आधी बर्फ पोचायला हवा असतो. टेम्पोवाला दरवाजाला चावी लावतो आणि चावी फिरत नाही. मग माझा फोन वाजतो. "दादा, चावी आत जातेय, पण फिरत नाय. जरा याल काय?"

गेली तीस वर्षं रत्नागिरीत मी कुलूप-किल्लीचं काम करतो आहे. त्या पहाटे मी एकच गोष्ट आधी सांगतो, आणि आज तुम्हालाही सांगतो. चावीवर जोर लावू नका. पक्कड तर मुळीच लावू नका. चावी तुटून अर्धी आत राहिली की दहा मिनिटांचं काम दोन तासांवर जातं. शिकाऊ असताना मी स्वतः एका डॉक्टरांच्या गाडीची चावी अशी मोडली होती. माझ्या वस्तादांनी मला शब्दही बोलून दाखवला नाही. त्यांनी ते कुलूप दारातून काढलं, माझ्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, "उघडून बघ, आत काय आहे ते."

आत काय होतं ते सांगतो. गाडीच्या दाराचं कुलूप म्हणजे अंगठ्याएवढं एक सिलिंडर. त्यात एकामागे एक अशा पातळ पितळी पत्त्या बसवलेल्या असतात, प्रत्येक पत्तीला मधोमध चौकोनी खिडकी आणि बाजूला केसाएवढी बारीक स्प्रिंग. चावी त्या सगळ्या खिडक्यांतून आत सरकते. चावीवरचा प्रत्येक खाचा आपापल्या पत्तीला ठरलेल्या उंचीवर आणतो. सगळ्या पत्त्या सिलिंडरच्या काठाशी सपाट आल्या, की सिलिंडर फिरतं. एक पत्ती जरी नखभर वर राहिली, तरी फिरत नाही. डॉक्टरांच्या त्या कुलपात दोन पत्त्या पांढऱ्या पिठात रुतून बसल्या होत्या. मला वाटलं, कुणी चुना घातला की काय. वस्ताद म्हणाले, "चुना नाही. हे आपल्या समुद्राचं काम."

ते पीठ कसं होतं हे समजून घेण्यासारखं आहे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, हे आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक असतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. मिऱ्या, मांडवी, भाट्ये, पांढरा समुद्र, सगळीकडून वारा बारीक खारे तुषार घेऊन येतो आणि ते चावीच्या भोकात जाऊन बसतात. उन्हाळ्यात ते सुकून पडून राहतात. जून लागला, की रत्नागिरीची हवा चार महिने त्या ७५ टक्क्यांच्या वरच राहते. गाडी छपराखाली असो, एक थेंब पाऊस अंगावर न येवो, कुलपाच्या आत खारं पाणी तयार होतंच. सिलिंडरचं घर बहुधा जस्ताच्या मिश्रणाचं ओतीव असतं आणि पत्त्या पितळेच्या, म्हणजे तांब्याच्या कुळातल्या. १८०० साली व्होल्टाने विजेची पहिली बॅटरी केली, तीही अशीच, दोन वेगळ्या धातूंच्या चकत्या आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेला तुकडा. आपल्या गाडीच्या दारात पावसाळाभर अशी एक इवलीशी बॅटरी चालू असते. त्यात झिजतं ते जस्त. ते पांढरं पीठ म्हणजे झिजलेलं जस्त.

त्यात आपली जांभ्याची लाल धूळ. हातखंब्यापासून आत येईपर्यंत ती गाडीच्या प्रत्येक फटीत गेलेली असते. मीठ, पाणी आणि ही धूळ यांचा लगदा सुकला, की पत्त्या जणू गिलाव्यात बसवल्यासारख्या होतात.

आता कुलूप अडलं की आपण करतो काय? तेल घालतो. कोकणात तेल म्हणजे खोबरेल. आजी सुरीच्या मुठीला घालायची, बाबा सायकलला घालायचे, तेच आपण कुलपात घालतो. लगेच फरक पडतो, चावी फिरते आणि आपलं समाधान होतं. पण खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आपल्याकडे पारा २०च्या आसपास येतो. बाटलीतलं तेल गोठलेलं दिसतं, तसंच ते कुलपातही गोठतं. शिवाय तोवर त्याने वर्षभराची धूळ धरून ठेवलेली असते. थंडीत सकाळी अडणारं आणि दुपारी उन्हात आपोआप सुटणारं कुलूप माझ्याकडे आलं, की मी आधी वास घेतो. खवट खोबऱ्याचा वास आला, की निदान झालं.

दुसरं औषध म्हणजे फवाऱ्याचा डबा. डब्ल्यूडी-४० हे नाव बहुतेकांना माहीत आहे. अमेरिकेत सॅन दिएगो इथल्या एका छोट्या कंपनीत १९५३ साली ते तयार झालं, अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून. नावाचा अर्थच 'पाणी हटवणारं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं'. पाणी हटवणं आणि अडलेलं सोडवणं ही त्याची कामं, आणि ती ते चोख करतं. पण त्यातला पातळ भाग उडून जातो. पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा मारलं आणि गणपतीपर्यंत निभावलं, असं होत नाही.

मी जे करतो ते घरी कुणालाही जमेल. भोकात असा फवारा मारायचा. चावी आत-बाहेर करायची, फिरवायची नाही, नुसती सरकवायची. बाहेर आली की जुन्या सुती कापडावर पुसायची. पहिल्यांदा काळा-तांबडा चिखल येतो. पुन्हा फवारा, पुन्हा चावी, पुन्हा कापड. सात-आठ वेळा केलं की चावी स्वच्छ बाहेर यायला लागते. मग एक रात्र सुकू द्यायचं. दुसऱ्या दिवशी शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब, किंवा कुलपासाठी मिळणारा सुका फवारा. ग्रॅफाइटची पूड चांगली, पण ती कोरड्या, स्वच्छ कुलपातच. तेलावर पूड टाकली तर काळा मलम तयार होतो आणि तो काढायला पुन्हा माझ्याकडे यावं लागतं.

आणि चावीला काय वाटतं तेही ऐका. चावी आतच जात नसेल, तर तोंडावरची झडप अडलेली आहे किंवा भोक बुजलेलं आहे. आत जाते पण फिरत नसेल, तर पत्त्या. फिरते, पण दार उघडत नसेल, तर कुलूप निर्दोष आहे. त्याच्या मागची सळी निसटली आहे किंवा दारातला खटका सुकला आहे. हे तीन प्रकार फोनवर नीट सांगितलेत, तर मेकॅनिक योग्य हत्यार घेऊन येतो.

दाराच्या खालच्या कडेला बोटभर लांबीची दोन-तीन भोकं असतात, ती किती जणांनी पाहिली आहेत? काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या पोकळीत उतरतं आणि त्या भोकांतून बाहेर पडतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बकुळीची फुलं, आंब्याचा मोहोर, लाल माती यांनी ती भोकं बुजली, की पाणी दारातच साचतं आणि कुलूप आतून वाफवलं जातं. मग बाहेरून कितीही तेल घाला. माडाच्या झावळीचा एक हीर घ्या आणि मे महिन्याच्या शेवटी प्रत्येक भोकातून फिरवा. तारेने पत्र्याचा रंग खरवडतो, हीर रंगाला धक्का लावत नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र मला वेगळीच काळजी वाटू लागली आहे. आता गाड्यांना रिमोट आला. बटण दाबलं की चारही दारं उघडतात. सोय मोठी आहे, म्हाताऱ्या माणसांना तर फारच. पण त्यामुळे दाराच्या कुलपात चावी वर्षानुवर्षं जातच नाही. रिमोटचा सेल किंवा गाडीची बॅटरी उतरते, तेव्हा माणूस पाच वर्षांनी पहिल्यांदा त्या भोकात चावी घालतो, आणि ते बंद पडलेलं असतं. रोज फिरणाऱ्या कुलपात पत्त्या घासून स्वच्छ राहतात. ज्यात कुणाचा हात जात नाही ते कुलूप इथे दोन पावसाळ्यांत बसतं. म्हणून माझी विनंती आहे की आठवड्यातून एकदा, गाडी धुताना म्हणा, दार चावीनेच उघडा. डिकीचंही उघडा. स्कूटर असेल तर सीटचं कुलूप विसरू नका.

आता चावीचं. काही वर्षांपूर्वी अनंत चतुर्दशीला मांडवीच्या किनाऱ्यावर विसर्जनाच्या वेळी एक चाकरमानी कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि खिशातली चावी लाटेने नेली. बायको, दोन मुलं, आई, सगळे वाळूत उभे. गाडी पार्किंगमध्ये, सामान गाडीत, आईची औषधंही गाडीत. दुसरी चावी डोंबिवलीला, शोकेसच्या खणात. दार मी उघडून दिलं, औषधं मिळाली. पण गाडी चालू करून देणं माझ्या हातात नव्हतं. शेजाऱ्यांकडून चावी रेल्वेने यायला दुसरा दिवस उजाडला.

माझ्या हातात का नव्हतं, तर त्या चावीच्या काळ्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. चावी लावतो त्या जागेभोवती तारेचं वेटोळं असतं, ते चिपला जागं करतं, चिप आपला नंबर सांगते आणि गाडीच्या संगणकाला तो पटला तरच इंजिन चालू राहतं. चिपला सेल लागत नाही. रस्त्यावर कानशीने घासून केलेली चावी दार उघडेल, इंजिन मात्र धरणार नाही. नवी चिप गाडीला ओळखायला लावण्याचं यंत्र वेगळं असतं. आणि हातात एक चालू चावी असेल, तर दुसरी करणं बरंच सोपं आणि स्वस्त पडतं. दोन्ही हरवल्या की काम वाढतं, खर्च कैक पटीने वाढतो. म्हणून दुसरी चावी करायची वेळ पहिली हातात असतानाच असते. करताना नमुना म्हणून मूळची चावी द्या. झिजलेल्या चावीवरून केलेल्या चावीत ती झीज उतरते, मग तिच्यावरून आणखी एक केली की ती कुलपात अडखळायला लागते आणि दोष कुलपाला मिळतो. नव्या गाडीबरोबर चावीच्या जुडग्याला नंबर कोरलेली छोटी पट्टी येते, ती घरी जपून ठेवा, गाडीत नको. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, हेही लक्षात असू द्या.

खाऱ्या पाण्यात पडलेली रिमोटची चावी हाती लागली, तर बटण दाबून पाहू नका. आधी सेल काढा. मग गोड्या पाण्याने धुवा, सावलीत दोन दिवस सुकवा आणि मगच नवा सेल घाला. सेल तसाच राहिला तर मीठ आतल्या तारा एका रात्रीत खातं.

आणखी एक सांगतो. दार उघडायला बोलावलंत आणि आमच्यापैकी कुणी गाडीचं आरसी बुक किंवा तुमचं ओळखपत्र मागितलं, तर कृपया रागावू नका. जो मागत नाही, त्याच्याकडून चावी करून घेऊ नका. आमच्या हातातली विद्या विश्वासाची आहे. माझ्या वस्तादांनी मला कानस धरायला शिकवायच्या आधी हे विचारायला शिकवलं.

मिरकरवाड्यातला एक टेम्पोवाला आहे, तरुण मुलगा. तीन वर्षं सलग १ ऑगस्टला त्याचा फोन यायचा. गेल्या वर्षी ३१ मे रोजी तो टेम्पो घेऊनच दुकानात आला. मी कुलपं साफ करून दिली आणि सांगितलं, दर रविवारी ताडपत्रीखाली हात घालून चावी फिरव. जुलैच्या मुसळधार पावसात एका रविवारी मी बंदराच्या रस्त्याने जात होतो. तो डोक्यावर इरलं घेऊन, गुडघाभर चिखलात उभा राहून, बंद टेम्पोचं दार उघडत आणि लावत होता. मला बघून त्याने हातातलं फडकं वर केलं. ते जवळजवळ पांढरं होतं.