फिल्मच्या रोलला कस्टमवाले काय म्हणतात? ३७०२ ची गोष्ट

(एपिसोड ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा पूर्ण मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे", "म्हणजे" थोडे कमी केलेत.)

मी मूळचा साताऱ्याचा, नोकरी पुण्यात, काम सॉफ्टवेअरचं. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, याला काय झालं? विषय आहे फोटोच्या फिल्मवर लागणारी कस्टम ड्युटी. पण थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका. तुमच्यापैकी बरेच जण आजोबांचा जुना कॅमेरा कपाटातून काढून कास पठारावर, अजिंक्यताऱ्यावर फिरताय हे मला माहितीय. इन्स्टाग्रामवर दिसतंच की. आणि कमेंटमध्ये एकच प्रश्न असतो, "भावा, रोल एवढा महाग का?"

त्याचं अर्धं उत्तर कारखान्यात आहे आणि अर्धं कस्टममध्ये. आज दुसऱ्या अर्ध्याबद्दल बोलू.

आधी द्राक्ष आणि बेदाणा

सांगलीकरांना हा विषय खरं तर शिकवायची गरज नाही. ताजं द्राक्ष आणि बेदाणा. वेल एक, रान एक, शेतकरी एक. पण कराच्या पुस्तकात दोन वेगळ्या ओळी. ताज्या द्राक्षावर जीएसटी नाही, बेदाण्यावर ५ टक्के. मग शेतकऱ्यानं स्वतः विकलेल्या बेदाण्याचं काय? त्यावर इतका घोळ झाला, की डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेच्या ५५ व्या बैठकीत स्पष्ट करावं लागलं, शेतकऱ्यानं स्वतः विकला तर जीएसटी नाही.

म्हणजे काय, तर वस्तू काय आहे एवढ्यावर भागत नाही. ती कुठल्या अवस्थेत आहे, कुणाच्या हातात आहे, कशासाठी आहे, यावर तिची ओळ ठरते. याला म्हणायचं वर्गीकरण. फिल्मचंही अगदी तसंच आहे.

आठ आकड्यांचा पत्ता

जगभरात कस्टमसाठी मालाची एक सामायिक यादी आहे, तिला एचएस म्हणतात. जागतिक कस्टम्स संघटनेची ही यादी १९८८ पासून लागू आहे. पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखे, त्यापुढचे दोन भारताचे. आपल्याकडे हे सगळं कस्टम्स टॅरिफ ॲक्ट १९७५ च्या पहिल्या परिशिष्टात बसतं.

फोटो आणि सिनेमाच्या मालाचं प्रकरण ३७ वं. मी प्रोग्रामर माणूस, मला ते वाचताना सरळ इफ-एल्स दिसतं. बघा कसं ते.

पहिला प्रश्न: फिल्म सपाट आहे की गुंडाळलेली? सपाट असेल तर ३७०१. इन्स्टंट कॅमेऱ्याच्या पाकिटातली फिल्म इथं येते. गुंडाळलेली असेल तर ३७०२.

दुसरा प्रश्न: कडेला भोकं आहेत का? तुमच्या १२० च्या रोलला भोकं नसतात, ३५ मिलिमीटरच्या रोलला असतात. बिनभोकांची, १०५ मिलिमीटरपर्यंत रुंद, रंगीत फिल्म ३७०२ ३१ मध्ये, आणि ब्लॅक अँड व्हाइट ३७०२ ३२ मध्ये.

तिसरा प्रश्न भोकंवाल्यांसाठी: रंगीत की ब्लॅक अँड व्हाइट? स्लाइडची की निगेटिव्हची? रुंदी किती, लांबी किती? नेहमीचा ३६ फोटोंचा रंगीत निगेटिव्ह रोल ३७०२ ५४ मध्ये बसतो, स्लाइडचा ५३ मध्ये, ब्लॅक अँड व्हाइट ९६ मध्ये.

या भोकांवरून एक आठवलं. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेतला, कोडॅकच्या कच्च्या फिल्मची ऑर्डर दिली. आणि सोबत भोकं पाडायचं यंत्रसुद्धा घेतलं, कारण तेव्हा कच्ची फिल्म भोकं न पाडताच यायची. 'राजा हरिश्चंद्र'ची भोकं इथं, आपल्याकडे पडली. आज तोच फरक कस्टमच्या यादीत एक फांदी होऊन बसलाय.

वाईतला सिनेमा, मिरजेतला एक्स-रे

आता अवस्थेचं बघू. २००४ चा 'स्वदेस' आठवतोय ना? त्याचं बरंचसं शूटिंग आपल्या वाई-मेणवलीत झालं, आणि ते दिवस फिल्मवर शूटिंग करायचे होते. समजा, अशा शूटिंगचा एक डबा दर टप्प्यावर देशाची सीमा ओलांडतोय. कोरा डबा आला तर ३७०२. कॅमेऱ्यात चालवला, पण अजून धुतला नाही, तर ३७०४. धुऊन सिनेमाची प्रिंट झाली की ३७०६. पट्टी तीच, पण तीन पत्ते.

घरगुती उदाहरण घ्या. तुमचा मित्र अमेरिकेत असतो, त्यानं लग्नाचे रोल काढले आणि तिकडं धुवायला महाग म्हणून न धुता इकडं पाठवले. ते "फिल्म रोल" म्हणून ३७०२ नाहीत, ३७०४ आहेत. धुतलेली निगेटिव्ह पाठवली तर ३७०५. पार्सलच्या कागदावर नुसतं "फिल्म" लिहिलं की समोरचा अधिकारी कोरा मालच समजणार. "उजेड लागलेली, न धुतलेली, वैयक्तिक फोटो" एवढे शब्द जास्त लिहायला काही खर्च येत नाही.

आणि मिरज. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, डॉ. वॅन्लेस यांच्या काळापासून. तिथल्या एक्स-रेच्या फिल्मवर पिढ्यानपिढ्या चांदीच्या क्षाराचा थर होता, आपल्या कॅमेऱ्याच्या रोलवर असतो तसाच. पण एक्स-रेची सपाट फिल्म ३७०१ १० मध्ये, आणि वैद्यकीय वापराच्या एक्स-रे फिल्मला जीएसटीत कमी दर आहे. सप्टेंबर २०२५ च्या बदलात तो १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आपला रोल मात्र १८ टक्क्यांतच. हे मला पटतं, बरं का. पेशंटचं फुफ्फुस आणि माझा कासचा सूर्यास्त, दोन्हींना एकच दर नको.

बंड्याचा प्रश्न

आता हे सगळं मी का वाचत बसलो ते सांगतो. सांगलीत माझ्या मावसभावाचा फोटो स्टुडिओ आहे. आम्ही त्याला बंड्या म्हणतो. मावशीच्या यजमानांनी सुरू केलेलं दुकान, पासपोर्ट फोटो आणि लग्नाच्या अल्बमवर चालतं. गेल्या वर्षभरात कॉलेजची पोरं येऊन विचारायला लागली, "दादा, रोल आहे का?" डार्करूम बंद होती, ती त्यानं परत साफ केली. विचार असा, की परदेशातून १०० फुटी मोठे रोल मागवायचे, इथं कापून रिकाम्या डब्यांत भरायचे आणि पोरांना परवडेल अशा भावात विकायचे. एका १०० फुटी रोलमधून ३६ फोटोंचे साधारण १८ रोल निघतात.

त्याला परदेशातल्या एका विक्रेत्यानं सुचवलं, "पार्सलवर गिफ्ट लिहितो, किंमत कमी दाखवतो." बंड्याचा मला फोन, "दादा, हे चालतंय का? सगळे करतात म्हणे."

मी म्हटलं, बंड्या, आधी कायदा बघू, मग हिशोब बघू.

कायदा असा. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतची भेट ड्युटीशिवाय यायची. १२ डिसेंबर २०१९ च्या डीजीएफटीच्या अधिसूचनेनं ते बंद झालं. सूट राहिली ती जीव वाचवणाऱ्या औषधांना आणि राखीला. राखीलाच हां, राखीसोबतच्या भेटवस्तूला नाही. म्हणजे गिफ्ट लिहून पैसे वाचायचा मुद्दाच संपला. वर किंमत खोटी दाखवली, तर कस्टम्स ॲक्ट १९६२ च्या कलम १११ खाली माल जप्त होऊ शकतो आणि ११२ खाली दंड होतो. विक्रेता बसलाय सात समुद्रापार. केवायसी, सही आणि दुकानाचं नाव बंड्याचं.

दुसरी गोष्ट. स्वतःच्या वापरासाठी पोस्टानं किंवा विमानानं आलेल्या मालाला ९८०४ असा वेगळाच पत्ता आहे. तिथं वस्तू कुठली याला फार महत्त्व नाही, सगळ्याला एकच दर, आणि तो दर बजेटमध्ये बदलत आलाय. तुम्ही चार रोल स्वतःसाठी मागवले तर हा पत्ता तुमचा. विकायला मागवले तर नाही. बंड्याला आयातदाराचा कोड, म्हणजे आयईसी, काढावा लागणार आणि माल ३७०२ खाली दाखवावा लागणार.

अठ्ठेचाळीस सेंटिमीटर

इथं एक गंमत सापडली. यादीत लांबीची रेघ आहे ३० मीटरवर. १०० फूट म्हणजे ३०.४८ मीटर. रेघेच्या पलीकडे फक्त ४८ सेंटिमीटर! त्यामुळे ३६ फोटोंचा ब्लॅक अँड व्हाइट रोल ३७०२ ९६ मध्ये आणि त्याच फिल्मचा १०० फुटी रोल ३७०२ ९७ मध्ये. डब्यावर ३०.५ मीटर छापलेलं असतं, ते वाचा. सिनेमाचा ४०० फुटी रंगीत डबा साहजिकच ३७०२ ५५ मध्ये जातो.

दोन्ही कोडांचा दर सारखा असेल तर काय फरक पडतो, असं बंड्यानं विचारलं. फरक असा, की सवलती कोड आणि वर्णन बघून दिल्या जातात, आणि २०११ पासून वर्गीकरणाची पहिली जबाबदारी आयातदाराची आहे. कलम १७ प्रमाणे कोड आपण स्वतः लिहायचा, अधिकारी तपासणार. खरंच शंका असेल तर माल मागवण्याआधी मुंबईतल्या कस्टम्स अथॉरिटी फॉर ॲडव्हान्स रुलिंग्जकडे विचारता येतं.

आता हिशोब

भाव समजण्यापुरते धरतोय. चार मोठे रोल, प्रत्येकी १०,००० रुपये, म्हणजे ४०,०००. विमानभाडं ६,०००, विमा ५००. ड्युटी नुसत्या मालावर नाही, भाडं आणि विमा धरून लागते, म्हणजे ४६,५०० वर.

मूळ कस्टम ड्युटी १० टक्के धरू: ४,६५०. त्या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, जो २०१८ च्या बजेटपासून आहे: ४६५. बेरीज ५१,६१५. त्यावर १८ टक्के आयजीएसटी: ९,२९० रुपये ७० पैसे.

एकूण कर १४,४०५ रुपये ७० पैसे. म्हणजे ३०.९८ टक्के. १०, १ आणि १८ मिळून २९ होतात, मग हे जवळपास ३१ कसे? कारण आयजीएसटी ड्युटीवरसुद्धा लागतो, करावर कर.

माल दुकानात पडला ६०,९०५ रुपये ७० पैशांना. ७२ रोल निघाले तर एक रोल साधारण ८४६ रुपये. पण बंड्या नेहमीच्या पद्धतीनं जीएसटीत नोंदलेला असेल, तर आयजीएसटीचं क्रेडिट परत मिळतं. मग त्याचा खरा खर्च ५१,६१५, रोलमागे ७१७. तोच दुकानदार कंपोझिशन स्कीममध्ये असेल तर क्रेडिट नाही. रोलमागे १२९ रुपयांचा फरक पडला, तो कस्टममुळे नाही, दुकानाच्या नोंदणीमुळे. हे ऐकल्यावर बंड्या पहिल्यांदा शांत झाला आणि त्यानं सीएला फोन लावला. गिफ्टचा विषय त्यानं परत काढला नाही. खोटं न लिहितासुद्धा वाचवायची जागा होती, ती कागदात होती.

मग ड्युटी आहेच कशाला?

हा प्रश्न मला कॉलेजच्या पोरांनी विचारला. ड्युटीचं एक कारण देशातला कारखाना जपणं हे असतं. तो कारखाना आपल्याकडे होता. १९६० मध्ये सरकारनं उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स काढली, 'इंदू' नावानं फिल्म आणि एक्स-रे फिल्म यायची. जुन्या स्टुडिओवाल्यांना विचारा, डोळे चमकतात. १९९१ नंतर आयात सोपी झाली, पुढं डिजिटल आलं, आणि तो कारखाना बंद पडला.

आज कोडॅक न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमधून येते, इलफर्ड इंग्लंडमधून, फोमा चेक प्रजासत्ताकातून. मग १० टक्के कुणाला जपतायत? माझं मत असं, की छोट्या स्टुडिओला आणि शिकणाऱ्या पोरांना जपणारा दर जास्त शहाणपणाचा ठरेल. पण तो बदल बजेटमध्ये मागायचा असतो, पार्सलच्या चिठ्ठीवर खोटं लिहून नाही.

जाता जाता चार गोष्टी

एक, ऑर्डर देण्याआधी आइसगेटच्या साइटवर त्या दिवसाचा दर बघा. मी सांगितलेले आकडे हिशोब समजण्यासाठी आहेत, दर बजेटला हलतात.

दोन, बिलावर पूर्ण वर्णन मागा: रंगीत की ब्लॅक अँड व्हाइट, रुंदी, लांबी, भोकं, कोरी की वापरलेली.

तीन, कुरिअरवाले ड्युटी भरून वर आपला आकार लावतात. तो कर नाही, त्याची पावती वेगळी मागा.

चार, परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत रोल मागवत असाल, तर ते हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा आणि विमानतळावर हातानं तपासायची विनंती करायला सांगा. नवी सीटी स्कॅनर यंत्रं फिल्म खराब करतात. आणि चाळीस रोल आणायला सांगू नका, ते कुणालाही वैयक्तिक वापराचे वाटणार नाहीत.

तुमच्या गावात अजून कुणी रोल धुऊन देत असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. सातारा, कराड, इस्लामपूर, विटा, तासगाव, कुठलंही चालेल. यादी झाली की इथंच लावतो. भेटू पुढच्या एपिसोडला.