मालगोदाम चौकातले पितापुत्र

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



२००४ साली गणेश चतुर्थी १८ सप्टेंबरला आली होती. सकाळी मूर्ती आणायला टेम्पो घेऊन निघालो, तर मालगोदाम चौकात ही गर्दी! राजा शंकरशाह व कुंवर रघुनाथशाह यांच्या पुतळ्यांना हार घालायला मंडल्याकडची गोंड मंडळी जमली होती. त्यांत आमच्याच शॉपमधला एक सहकारी दिसला. वीस वर्षे शेजारच्या मशीनवर काम केले, पण दरसाल याच दिवशी तो रजा का घेतो, हे मी कधी विचारले नव्हते.

१८५७ साली जबलपूरच्या छावणीत ५२ वी देशी पलटण होती. शिपायांशी संधान बांधून इंग्रजांवर हल्ला करण्याचा बेत केला, या आरोपावरून गढ्याच्या जुन्या राजवंशातील वृद्ध शंकरशाह आणि त्यांचा मुलगा यांना पकडले. झडतीत पुरावा काय सापडला, तर शत्रूचा संहार कर अशी देवीला केलेली पद्यरूप प्रार्थना! १८ सप्टेंबरला दोघांना तोफांच्या तोंडी बांधून उडवले. त्याच रात्री पलटण बंड करून निघून गेली.

आपण गन कॅरेज फॅक्टरीतली माणसे. १९०४ पासून इथे तोफांचे गाडे बनतात. तोफेच्या तोंडाशी माणूस बांधणे म्हणजे काय, हे आपल्याला निराळे सांगायला नको.

त्या दिवशी चहा घेताना मी त्याला म्हटले, "इंग्रजांनी तुमचे राज्यही घेतले आणि राजाही मारला." तो हसून म्हणाला, "भाऊ, राज तो पहले मराठों ने लिया था."

खोटे नव्हते. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य घेतले. पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७ मध्ये इंग्रज इथे आले. आपल्या स्मरणिकेत झाशीची राणी आणि तात्या टोपे दर दोन-तीन वर्षांनी येतात. स्टेशनजवळचे हे दोघे मात्र एकदाही आले नाहीत. (तीन वर्षे संपादक मीच होतो!)

२०२४ मध्ये या पितापुत्रांच्या नावाचे संग्रहालय शहरात सुरू झाले आहे. मुलांना घेऊन जरूर पाहा. समितीला माझी विनंती मात्र लहानशी आहे. पुढच्या वर्षी मूर्ती आणताना टेम्पो मालगोदाम चौकात पाच मिनिटे थांबवावा. हार मी आणीन. तो सहकारी निवृत्त होऊन आता गावी असतो. त्याला फोन करून बोलावण्याचे कामही माझ्याकडे.