माउलीचे मुख कोणी पाहिले?
(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



महोत्सवानिमित्त आमच्या देवळासाठी पवित्र मरियेचे नवे चित्र करविले आणि त्यावरून मंडळीत दोन तट पडले, हे आपणांस विदितच आहे. चित्रातील माउली लुगडे नेसली आहे, डोईवरून पदर घेतला आहे. ‘ही आमची माउली नव्हे,’ असे पुष्कळ वडीलधारे म्हणाले. प्रथमदर्शनी आम्हांसही तसेच वाटले, हे कबूल केले पाहिजे.

परंतु जुने चित्र तरी कोणाचे? तो निळा झगा, तो गोरा वर्ण युरोपातील चित्रकारांनी आपल्या भोवतालच्या स्त्रिया पाहून कल्पिला. शुभवर्तमानांत मातेच्या मुखाचे वर्णन एका अक्षरानेही नाही. संत ऑगस्टिन यांनी त्रैक्यावरील आपल्या ग्रंथात तर स्पष्टच लिहून ठेविले आहे की, मरियेचे मुख कसे होते ते आम्हांस ठाऊक नाही, आणि प्रभूचे मुख जो तो निरनिराळे कल्पितो. श्रद्धेस त्यामुळे बाध आला, असे त्या महापुरुषास वाटले नाही.

कोणी म्हणेल, कल्पनेचा हा खेळ कलेत चालावा, ज्ञानात नव्हे. आम्हांस हे पटत नाही. १६०९ साली इंग्लंडात टॉमस हॅरियट यांनी दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे चित्र काढिले. उजेड व अंधार यांमधील वेडीवाकडी रेषा आणि काही डाग, एवढेच त्यात उतरले. त्याच वर्षाच्या अखेरीस गॅलिलिओ यांनी तोच चंद्र पाहिला. त्यांची दुर्बीण अधिक शक्तीची होती हे खरे. पण त्यांस चित्रकलेतील छायाप्रकाशाचे शिक्षणही होते, म्हणून त्या डागांत त्यांस डोंगर व दऱ्या दिसल्या. त्यांचा ग्रंथ १६१० साली निघाल्यावर हॅरियट यांच्याही चित्रांत खळगे उमटू लागले! आणि गॅलिलिओंचे स्नेही चित्रकार चिगोली यांनी १६१२ च्या सुमारास, रोम येथे पोप पाचवे पॉल यांच्या प्रार्थनामंदिराच्या घुमटात, मरियेच्या पायांखाली तोच खळग्यांचा चंद्र रंगविला. पोपच्या घुमटास जे खपले, ते आमच्या वेदीस खपू नये काय?

दूर कशाला जावे? सांगलीस १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणिले. त्या काळच्या नाटकांत स्त्रीवेष पुरुषच घेत. प्रेक्षकांस मात्र सीताच दिसे. सातारा जिल्ह्यात औंधास श्रीभवानी संग्रहालय आहे. स्वतः चित्रकार असलेले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारिले. तेथे राजा रविवर्मा यांची ‘सैरंध्री’ आहे, तसेच हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे ‘माता व बालक’ हेही आहे. ते शिल्प पाहताना, ही आई कोणत्या देशची, असा प्रश्न आमच्या मनात आला नाही. घरच्या चित्रापाशी मात्र तोच प्रश्न प्रथम आला, याचे आम्हांस नवल वाटते.

हा वाद आमच्याच देवळात प्रथम उपजला असेही नव्हे. गोव्यात १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात शिकले व त्यांनी मरियेस साडी नेसविली. गोव्यातील कॅथोलिकांनीच त्यांस दूषण दिले. ते पुण्यास येऊन राहिले व १९६७ साली निवर्तले, तोपर्यंत चित्रे काढीतच होते.

जुने चित्र उतरवावे, असे आम्ही म्हणत नाही. त्यापुढे गुडघे टेकून आमच्या आयांनी आमच्यासाठी प्रार्थना केल्या आहेत. तूर्त दोन्ही चित्रे बाहेर ओसरीत शेजारी शेजारी ठेविली आहेत, ती आपण पाहावी. गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक वृद्ध आजी नव्या चित्रापुढे बराच वेळ उभ्या होत्या. लुगड्याविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत. ‘थंडीचे दिवस,’ त्या म्हणाल्या, ‘आणि बाळाच्या डोईला टोपडे नाही.’ आम्ही समितीचे पाचही पुरुष दोन महिने त्या चित्रावर वाद घालीत होतो. बाळाच्या उघड्या डोक्याकडे आमचे कोणाचेच लक्ष गेले नव्हते.