नळीतला कृमी आणि त्याचे बिऱ्हाडकरू

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या उथळ चिखलातून कुठे कुठे एका नळीची दोन अरुंद टोकं वर आलेली दिसतात. खाली यू आकाराची नळी असते आणि तिच्यात कीटॉप्टेरस हा कृमी राहतो. स्वतःच्या अंगातून पाझरणाऱ्या द्रव्यानेच तो ती बांधतो. हाताला ती चर्मपत्रासारखी लागते.

एकदा वस्ती केली की हा कृमी बाहेर पडत नाही. अन्नच त्याच्याकडे येतं. त्याच्या शरीराच्या मध्यभागी तीन पंखे असतात. ते हलू लागले की नळीतून पाणी वाहू लागतं. पंख्यांच्या पुढे दोन पंखासारख्या अवयवांमध्ये कृमी चिकट स्रावाची एक पिशवी ताणून धरतो. पाणी तिच्यातून गाळलं जातं आणि अगदी सूक्ष्म कण आत अडकतात. पिशवीच्या टोकाशी त्यांची गोळी वळली जाते. ती पुरेशी मोठी झाली की एका पन्हळीतून तोंडाकडे सरकते. जॉर्ज मॅकगिनिटी यांनी १९३९ साली या साऱ्या क्रियेचं वर्णन प्रसिद्ध केलं. ते आजही वाचावं असं आहे.

या वाहत्या पाण्यावर आणखी कुणाकुणाची सोय होते, हे त्याहून मोठं नवल.

नळी उकलली की आत अनेकदा लहान खेकडे सापडतात, पुष्कळदा नर-मादीची जोडी. मॅसॅच्युसेट्समधल्या वूड्स होल इथे ए. एस. पीअर्स यांनी या बिऱ्हाडकरूंचा अभ्यास करून १९१३ साली तो छापला. त्यातला पिनिक्सा हा खेकडा लांबीपेक्षा रुंदीला जास्त. अरुंद नळीत आडवं चालायला ही ठेवण फार सोयीची. दुसरा पॉलिओनिक्स, चपट्या अंगाचा. तोंडाजवळच्या पायांवरच्या केसांची झालर पाण्यात फिरवून तो कण टिपतो. म्हणजे गाळणी ज्याची त्याची, पाणी मात्र कृमीने खेळवलेलं!

खेकडे कृमीच्या अंगावर जगत नाहीत, म्हणून त्यांना परजीवी म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांना हवा असतो आसरा आणि ताज्या पाण्याचा अखंड पुरवठा. चिखलात हे दोन्ही एका जागी मिळणं दुर्मीळ.

त्यांची पिल्लं मात्र इथे वाढत नाहीत. अंड्यांतून निघालेले डिंभ समुद्रात तरंगत वाढतात. पुढे चिमुकला खेकडा एखादी नळी गाठून आत शिरतो, खाऊनपिऊन मोठा होतो, आणि मग नळीचं अरुंद तोंड त्याच्या अंगाला बहुधा अपुरं पडतं.